ग्राफिक्स कार्डावर हिरवे ठिपके: कार्ड बिघडलंय की डबा (कॅबिनेट) तापतोय?

वऱ्हाडी_रेंडर | १२ एप्रिल, रात्री ११:४०

मंडळी, ऐन लगीनसराईत कॉम्प्युटरने दगा दिलाय. मी अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. १४ महिन्यांपूर्वी मुंबईला गेलो होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून १२ जीबी मेमरीचं, १७० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आणलं. २७ हजार मोजले. (कंपनीचं नाव लिहीत नाही, मागे एकाचा धागा त्यावरूनच उडाला होता.)

गेल्या आठवड्यापासून रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची फायनल फाइल बनवणं) लावलं की वीसेक मिनिटांत पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके येतात, मग बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी, आणि मग पडदा काळा. काल एका नवरदेवाच्या फेट्यावर हिरवे चौकोन उमटले, आणि ते फायनल फाइलमध्येही उतरले. नशीब मी पाठवायच्या आधी पाहिलं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणतो, "उन्हाळा आहे साहेब, तापतंय. बाजूचं झाकण काढून ठेवा." काढलं. तापमान ८४ वरून ७३ वर आलं. ठिपके कमी झाल्यासारखे वाटतात, पण गेले नाहीत. आता मला कळत नाही की कार्ड बदलून घ्यायला पळू की पंखे वाढवू. वॉरंटी ३ वर्षांची आहे.


फुकटचा_सल्लागार | १३ एप्रिल, सकाळी ७:०५

एप्रिलमध्ये अकोल्यात माणसं वितळतात, तिथे कार्डाचं काय घेऊन बसलात!


उंबरठा | १३ एप्रिल, सकाळी ९:२०

पंखे विकत घेऊ नका इतक्यात. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. कार्ड बिघडलेलं असू शकतं, डबा तापत असू शकतो, आणि दोन्ही एकदम खरं असू शकतं. लोक इथेच घोळ घालतात. झाकण काढून ११ अंश उतरले म्हणजे हवा खेळत नाही हे नक्की. पण त्यावरून कार्ड धडधाकट आहे असं काही सिद्ध होत नाही.

मला हे सांगा. ठिपके फक्त गरम झाल्यावरच येतात का? उद्या पहाटे, रात्रभर बंद असलेलं मशीन चालू करून थेट बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा) जा आणि दहा मिनिटं तिथेच थांबा. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, कार्डही थंड. तरीही ठिपके दिसले तर उन्हाळ्याला दोष देता येणार नाही.

दुसरं, ठिपके असताना स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलनेही पडद्याचा फोटो काढा. स्क्रीनशॉटमध्ये ठिपके उतरले तर बिघाड कार्डाकडचा. फक्त मोबाइलच्या फोटोत असले तर केबल किंवा मॉनिटर बघा. (तुमच्या फायनल फाइलमध्येच चौकोन आले म्हणताय, म्हणजे उत्तर जवळपास मिळालंच आहे.)

तिसरं, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) असे दोन आकडे दिसतात, ते दोन्ही लिहा. आणि सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवीन टाका. सर्व्हिस सेंटरवाला पहिला प्रश्न हाच विचारतो.


ढापण्या | १३ एप्रिल, दुपारी १:१५

यूट्यूबवर एकाने कार्ड ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दहा मिनिटं भाजलं आणि चालू झालं. करून बघा.


उंबरठा | १३ एप्रिल, दुपारी १:३२

वॉरंटीतलं कार्ड भाजायचं? नानकटाई आहे का ती? भाजून जिवंत झालेलं कार्ड काही आठवड्यांत पुन्हा मरतं. शिवाय प्लास्टिकचा वास ओव्हनमध्ये बसतो, आणि मग घरचे तुम्हाला भाजतात.


तारतंत्री | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. ग्राफिक्स मला फारसं कळत नाही, वीज कळते. कार्डाला वीज कुठून येते ते आधी पाहा. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या केबलमधून १५०. तुमच्या १७० वॅटच्या कार्डाला दोन्ही मिळून पुरेसं आहे, पण ती ८ पिनांची केबल थेट पॉवर सप्लायमधून आलेली हवी. मोलेक्सच्या (जुन्या ४ पिनांच्या जोडणीच्या) पिनांवरून जुगाड केलेला कन्व्हर्टर लावला असेल तर आजच काढा. मी असे वितळलेले पाहिले आहेत.

आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. अर्थ नसेल तर पॉवर सप्लायच्या फिल्टरमुळे पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज बसतो. करंट नगण्य असतो, माणूस मरत नाही. पण मशीन चालू असताना एचडीएमआय केबल काढ-घाल केली की पोर्ट जाऊ शकतो.


वऱ्हाडी_रेंडर | १४ एप्रिल, सकाळी ६:३५

सगळ्यांचे आभार. झोप नाही झाली, पण आकडे आणलेत.

पहाटे साडेपाचला मशीन चालू केलं. खोली २९ अंश. बायोसच्या निळ्या पडद्यावर चौथ्या मिनिटाला डावीकडे वर हिरव्या ठिपक्यांची उभी रांग आली. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढून ठेवला. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके आहेत. ड्रायव्हर नवा टाकला, फरक शून्य. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ नंबरच्या (डिस्प्ले ड्रायव्हर अडकल्याच्या) नोंदींची रांगच लागली आहे.

लोडवर कार्ड ८४, हॉट स्पॉट ९७.

तारतंत्री काका, केबल थेट आहे. आणि हो, झिणझिण्या येतात. मी इतकी वर्षं समजत होतो की सगळ्यांच्याच कॉम्प्युटरला येतात.


उंबरठा | १४ एप्रिल, सकाळी ८:१०

मग झालं. ८४ आणि ९७ मध्ये १३ चा फरक, तो ठीक आहे. तीसेक अंशांचा फरक असता तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकलीय किंवा हीटसिंक नीट बसलेलं नाही म्हटलं असतं. थंड कार्डावर, बायोसमध्ये, ठरावीक जागी रांग म्हणजे मेमरीची चिप किंवा तिचा टाका गेला. ओसीसीटी नावाच्या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त व्हीरॅमची (कार्डावरच्या मेमरीची) चाचणी असते, ती चालवा आणि एरर मोजणाऱ्या पडद्याचा फोटो काढा. मग कार्ड काढा आणि वॉरंटीत टाका. तोवर स्क्रू ड्रायव्हर कार्डाला लावायचा नाही, पेस्ट बदलायचा मोह झाला तरी. एका स्क्रूवर कागदी सील असतं, ते फाटलं की तिथे वाद सुरू होतो.

प्रोसेसर कुठला आहे? नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, मग कार्डाशिवाय पडदाच लागणार नाही.


वऱ्हाडी_रेंडर | १४ एप्रिल, सकाळी ८:४०

एफ नाही. तेव्हा दुकानदार एफवाला घ्या म्हणत होता, हजार-दीड हजार वाचतात म्हणून. का कुणास ठाऊक, नाही म्हणालो.

ओसीसीटीने पहिल्या मिनिटातच एरर दाखवल्या.


खारवारा | १४ एप्रिल, सकाळी ११:२५

मालवणातून लिहितोय. नेण्यापूर्वी कार्डाची मागची पट्टी आणि पोर्ट नीट बघा. माझं कार्ड पट्टीवरच्या गंजाच्या डागावरून परत पाठवलं होतं, "फिजिकल डॅमेज" असा शेरा मारून. इथे समुद्रावरचा वारा दोन पावसाळ्यांत पत्रा खातो, त्याला मी काय करू? तुमच्याकडे हवा कोरडी आहे, ते एक बरं. तरी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, सिरियल नंबरच्या स्टिकरसकट. आत गेल्यावर कोपरा वाकला तर तो तुम्ही वाकवला असं म्हणायला कोणी मोकळं राहू नये.


मनामाकर | १४ एप्रिल, दुपारी २:००

इथे बहारीनमध्ये दुकानात जाऊन बॉक्स ठेवला, दहा मिनिटांत दुसरा मिळाला. तुमची धावपळ वाचून वाईट वाटतं.


फुकटचा_सल्लागार | १४ एप्रिल, दुपारी २:०४

मनामाकर, मीठ कमी पडलंय, अजून थोडं चोळा.


काळा_कोट | १४ एप्रिल, रात्री ९:३०

बिल पक्कं आहे ना? म्हणजे जीएसटी लावलेलं आणि त्यावर सिरियल नंबर लिहिलेलं. ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून "कच्च्या बिलावर स्वस्त देतो" हा संवाद सगळीकडे ऐकू येतो. पक्कं बिल नसेल तर काही कंपन्या सिरियल नंबरवरून, म्हणजे कार्ड बनल्याच्या तारखेपासून वॉरंटी मोजतात, आणि त्यातले काही महिने गोदामातच गेलेले असतात.

ज्यांचं कार्ड नवं आहे त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणं हीसुद्धा, आणि बिलावर मुदतच नसेल तर ती ३० दिवस धरतात. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही गल्ल्यामागची पाटी सदोष मालाला लागू होत नाही. धागाकर्त्यांचे ३० दिवस केव्हाच गेले, त्यांचा रस्ता वॉरंटीचाच.

सर्व्हिस सेंटरने टोलवाटोलवी केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत २ वर्षांची.


वऱ्हाडी_रेंडर | १९ एप्रिल, रात्री १०:१५

वृत्तांत.

बिल पक्कं निघालं, पण मेव्हण्याच्या नावाचं, कारण पैसे त्याच्या बँकेच्या कार्डावरून दिले होते. त्याच्याकडून दोन ओळींचं पत्र घेतलं. कुरिअरचा विचार सोडला आणि स्वतः नागपूरला गेलो. कार्ड त्याच्या मूळच्या चंदेरी पिशवीत, पिशवी मूळच्या खोक्यात, खोकं मांडीवर. शेजारच्या आजींनी विचारलं, "बाळा, मिठाई हाय का?"

सर्व्हिस सेंटर म्हणजे एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, एक काउंटर, मागे खोक्यांची थप्पी. पोरगा कामाचा होता, घाईत होता. कार्ड त्याच्या उघड्या टेस्ट बेंचवर लावलं, फरमार्क नावाची चाचणी पाच मिनिटं चालवली, आणि म्हणाला, "चालतंय की सर. तापमान ६६." एसी १८ वर होता, डबा नव्हता. ६६ येणारच.

मी वाद घातला नाही. पहाटेचा बायोसचा व्हिडिओ दाखवला, मग ओसीसीटीचा फोटो. म्हटलं, व्हीरॅमची चाचणी दोन मिनिटं लावा. लावली. चाळीस सेकंदांत एरर सुरू झाल्या. त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फॉर्म काढला. तिथे कळलं की उंबरठा ताईंनी त्या चाचण्या का करायला लावल्या. फरमार्क कार्ड तापवतं, मेमरीचा कोपरान् कोपरा तपासत नाही.

जॉबशीटवर त्याने आधी फक्त "नो डिस्प्ले" लिहिलं. मी ते खोडायला लावून "मेमरी एरर, ठिपके, थंड असतानाही" असं लिहून घेतलं, शिक्क्यासह. १५ ते २१ दिवस सांगितलेत.


उंबरठा | १९ एप्रिल, रात्री १०:५०

खोडायला लावलंत ते फार बरं केलंत. "नो डिस्प्ले" लिहिलेलं कार्ड पुढच्या टेबलावर जातं, तिथे डिस्प्ले येतो, आणि "दोष आढळला नाही" असा शेरा मारून ते जसंच्या तसं परत येतं.


वऱ्हाडी_रेंडर | १० मे, संध्याकाळी ७:४५

कार्ड आलं. तेच मॉडेल, सिरियल नंबर वेगळा. नवं की दुरुस्त केलेलं ते कोणी सांगितलं नाही. खाचेच्या सोनेरी पट्टीवर बारीक ओरखडे आहेत, त्यावरून काय ते समजलो. बदलीच्या कागदावर नवा नंबर आणि वॉरंटीची उरलेली मुदत लिहून घेतली. ओसीसीटी तासभर चालवलं, एकही एरर नाही.

पण खोली ३८, रेंडर चालू, आणि कार्ड ८५! म्हणजे उंबरठा ताई म्हणाल्या तसं, दोन्ही खरं होतं.


उंबरठा | १० मे, रात्री ८:३०

आता पंख्यांकडे वळू. ८५ या आकड्याकडे बघू नका, ८५ वजा ३८ बघा. ४७. खोली एक अंशाने तापली की कार्डही साधारण एक अंशाने तापतं, त्यामुळे हा फरकच खरा मापदंड. कॅबिनेटचा आणि ते ठेवलंय त्या जागेचा फोटो टाका. जागेचा विसरू नका.


वऱ्हाडी_रेंडर | १० मे, रात्री ९:१०

टाकला. पुढे काचेचं तोंड, त्यामागे तीन रंगीत दिव्यांचे पंखे, मागे एक. टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय. कप्प्याला मागून प्लाय आहे, वायरींपुरतं मुठीएवढं भोक.


उंबरठा | १० मे, रात्री ९:२५

अहो, कॅबिनेट कपाटात कोंडलंय तुम्ही! मागचा पंखा गरम हवा कप्प्यात सोडतोय आणि पुढचे तीन तीच परत ओढताहेत. आणखी सहा पंखे लावलेत तरी तीच हवा जोरात फिरेल, एवढंच.

उदबत्ती लावा. चेष्टा नाही. मशीन लोडवर ठेवा, उदबत्ती पुढच्या काचेच्या कडेकडेने, मग मागे, मग वर फिरवा आणि धूर कुठे जातो ते बघा. राख आत जाऊ देऊ नका आणि दोन मिनिटांत आटपा.


वऱ्हाडी_रेंडर | ११ मे, सकाळी १०:००

लावली. आई दारात उभी राहून म्हणाली, "अक्षय्य तृतीया झाली, आता कशाची पूजा?"

मागच्या पंख्यातून निघालेला धूर प्लायला आपटून वर चढतो, कॅबिनेटच्या डोक्यावरून पुढे येतो आणि काचेच्या फटीतून आत जातो. डोळ्यांनी पाहिलं. त्याहून गंमत म्हणजे, खालच्या पुढच्या पंख्यापाशी धूर आत जाण्याऐवजी बाहेर येत होता. काच आणि पंखे यांच्यात जेमतेम बोटभर फट, त्यामुळे पंख्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून आतलीच हवा परत पुढे येते.


तारतंत्री | ११ मे, सकाळी ११:४०

काच पंख्यासमोर लावायची ही कल्पना ज्या कोणाची असेल, त्याला मे महिन्यात अकोल्यात आणून त्या कप्प्यात बसवावं.


उंबरठा | ११ मे, दुपारी १२:१५

पंख्याभोवतीच्या मोकळ्या जागा फोमच्या पट्टीने बुजवा. काच काढून टाका, धुळीसाठी जाळी लावा. प्लाय सुताराकडून कापून घ्या. आणि एक गोष्ट, जी लोक हमखास विसरतात. कॅबिनेटचे पंखे मदरबोर्डला जोडलेले असतात आणि मदरबोर्ड बघतो प्रोसेसरचं तापमान. तुमच्या रेंडरमध्ये प्रोसेसर आरामात बसलेला, कार्ड भट्टीत. मदरबोर्डला वाटतं सगळं गार आहे, म्हणून पंखे हळूच फिरत राहतात. फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पंखे कार्डाच्या तापमानाला बांधता येतात.


खारवारा | ११ मे, दुपारी ३:३०

खोलीत कूलर आहे का? त्याची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. खोली गार होते ते चांगलंच, पण शिंतोडे आणि बोअरच्या पाण्यातले क्षार आत जाऊन बसतात. गंजाचं दुःख मला विचारा.


वऱ्हाडी_रेंडर | १८ मे, रात्री ११:२०

आज शेवटचे आकडे. सगळे खोली ३८ असतानाचे, कूलर बंद ठेवून, तेच २० मिनिटांचं रेंडर. एका वेळी एकच बदल केला, नाहीतर कशाने काय झालं ते कळलंच नसतं.

सुरुवात ८५. सुताराने मागची प्लाय कापली, ७९. काच काढून डासांच्या जाळीचा तुकडा चौकटीवर ताणून बसवला, ७५. (आधी दाट जाळी लावली होती, तिने दोन अंश परत चढले. मग विरळ लावली.) फोमच्या पट्ट्यांनी फार तर एक अंश, तोही माझ्या मनाचा खेळ असेल. पंखे कार्डाला बांधले, ७१. नवा पंखा एकही घेतला नाही.

शेवटी आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं व्होल्टेज उतरवलं. १८०० मेगाहर्ट्झला ०.८७५ व्होल्टवर कार्ड दोन दिवस न अडखळता चाललं. १७० वॅट खाणारं आता १३०च्या आसपास खातं, रेंडरला चार मिनिटांमागे पाच-सहा सेकंद जास्त लागतात, आणि तापमान ६५. आवाज इतका कमी झाला की मला वाटलं मशीन बंद पडलं.

तारतंत्री काका, वायरमनला बोलावलं. सॉकेटमधली अर्थची तार जोडलेलीच नव्हती, मागे नुसती लोंबत होती. आता झिणझिण्या नाहीत.


फुकटचा_सल्लागार | १९ मे, सकाळी ८:००

खर्च किती आला?


वऱ्हाडी_रेंडर | १९ मे, सकाळी ८:१२

सुतार १५० आणि चहा. वायरमन २००. जाळी घरचीच, खिडकीची उरलेली. काच माळ्यावर ठेवलीय, आईला तिची ट्रे करायची आहे.


ढापण्या | १९ मे, सकाळी ९:४०

छान माहिती. माझा लॅपटॉपही फार तापतो, पलंगावर ठेवून वापरतो. काय करू?


उंबरठा | १९ मे, सकाळी ९:४३

पलंगावरून उचला. बाकीचं नव्या धाग्यात. आणि ओव्हनपासून लांब ठेवा.